घरी तैलरंग शिकायचे तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिल्या, त्यानंतर ब्रश हातात धरला नाही. आता नोकरी, वन बीएचके, घरात लहान मूल, क्लासला जायला वेळ नाही. तर तैलरंग घरी जमतील की सरळ ॲक्रिलिक घ्यावं?

जमतील. उलट तुमच्यासारख्या माणसाला मी तैलरंगच सुचवेन, कारण ते थांबतात. ॲक्रिलिक पंख्याखाली बघता बघता वाळतं. तैलरंगात वाफ होऊन उडून जाणारं पाणीच नसतं. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर बसलात आणि मूल उठलं, तर ब्रश ठेवून खुशाल जा. उद्या रंग बहुतेक ओलाच सापडेल. पॅलेटवर उरलेला रंग झाकणाच्या चपट्या डब्यात ठेवला की एक-दोन दिवस सहज चालतो.

शाळेतली एक सवय मात्र मोडावी लागेल. जलरंगात उजेड म्हणजे कोरा कागद, आणि आपण फिक्याकडून गडदाकडे जातो. इथे साधारणपणे उलट चालायचं: आधी गडद, पातळ थर, आणि उजेड सगळ्यात शेवटी, जाडसर रंगाने. परीक्षेची तयारी करून आलेल्यांचा हात पहिले काही दिवस इथेच अडतो. दोष हाताचा नसतो, क्रम वेगळा आहे एवढंच.

सामान कमी घ्या. चोवीस ट्यूबांचा सेट दिसायला सुंदर असतो, पण त्यातले निम्मे रंग तुम्ही स्वतः मिसळून करू शकता. टायटॅनियम व्हाइट (ही ट्यूब मोठी घ्या, सगळ्यात आधी हीच संपते), यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), अल्ट्रामरिन ब्लू आणि एक लाल, एवढे पुरे. काळा मुद्दाम सांगत नाही, कारण अंबर आणि अल्ट्रामरिन मिसळून जो काळोख येतो तो ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा जिवंत असतो. आपल्याकडे मिळणारे विद्यार्थ्यांसाठीचे रंग शिकण्यापुरते चांगले आहेत. पैसे वाचवायचेच तर रंगात वाचवा, ब्रशमध्ये नको: डुकराच्या केसांचे, चपटे, दोन-तीन मापांचे घ्या. कॅनव्हास बोर्ड आठ बाय दहा इंचांच्या वर नको. तेल आर्टच्या दुकानातलं रिफाइन्ड लिन्सीडच (म्हणजे जवसाचं) घ्या. हार्डवेअरवाल्याचं डबल बॉइल्ड लाकडासाठी असतं, ते लवकर पिवळं पडतं.

काय काढायचं? पितळेचा तांब्या. खिडकीजवळ ठेवा, मागे एक गडद कापड टांगा. अंबर टर्पेंटाईनमध्ये (तैलरंग पातळ करायचं द्रावण) पातळ करून पूर्ण बोर्डावर फासा आणि जिथे उजेड आहे तिथला रंग चिंधीने पुसून काढा. रेघ न मारता आकार दिसायला लागतो. मग रंग. पितळ म्हणजे पिवळं असं डोकं सांगतं, पण डोळे बारीक करून पाहा: पोटाचा बराचसा भाग तपकिरी आहे, कापडाच्या बाजूला जवळजवळ काळा, सावलीच्या कडेला हिरवट झाक, खाली टेबलाचा रंग उचललेला. खरा पिवळा गळ्याशी बोटभर सापडतो. आणि ती खिडकीची तिरीप, तिचा पांढरा ठिपका ठेवून हात मागे घ्यायचा. पुन्हा घोटलात की गेला, खालच्या तपकिरीत मिसळून राखाडी होतो. हा एक ठिपका नीट बसल्यावर जो आनंद होतो त्यासाठीच मी हा उद्योग करतो, असं म्हटलं तरी चालेल. तोच तांब्या पुन्हा पुन्हा काढा. घरचे हसतील, हसू द्या.

आता वासाचं, कारण घरात मूल आहे. वास रंगाचा फार नसतो, टर्पेंटाईनचा असतो. पहिल्या थरानंतर ते जवळपास लागतच नाही. ब्रश आधी चिंधीने कोरडे पुसा, मग स्वयंपाकाच्या तेलात घोळवा, मग साबणाने खळखळून धुवा. जे थोडं टर्पेंटाईन वापराल ते झाकणाच्या बरणीत ठेवा; गाळ खाली बसला की वरचं पुन्हा चालतं. सिंकमध्ये ओतू नका. फ्लेक व्हाइट म्हणजे शिशाचा पांढरा आणि कॅडमियमचे रंग सध्या घरात नकोतच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लिन्सीड लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सुटते, ती बोळ्यात कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

थरांचा नियम एकच पाठ करा: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. उलट केलंत तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात. अंबर दोन-तीन दिवसांत हाताला कोरडा लागेल, पांढऱ्याला आठवडा किंवा जास्तही. पावसाळ्यात सगळंच लांबतं. तेव्हा चित्र कपाटात कोंडू नका, बुरशी धरते आणि अंधारात तेल पिवळं पडतं. उजेडाच्या खोलीत, ओल न येणाऱ्या भिंतीला ठेवा.

शिकायला व्हिडिओ चांगले, फक्त त्यात वाळण्याचे दिवस कापलेले असतात हे ध्यानात ठेवा. त्यापेक्षा मूळ चित्रांसमोर उभे राहा. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्मा आहेत, पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेत गोव्याचे चित्रकार त्रिंदाद, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेली युरोपीय चित्रं. लांबून नाही, गार्ड हटकेपर्यंत जवळून बघा: सावली किती पातळ आहे, उजेड किती जाड. छापील पुस्तकात हे कळत नाही.

शेवटी तुम्ही आजीचं पोर्ट्रेट फोटोवरून करायचं म्हणालात. करा, पण तांब्या आणि वांगी-कांदे हाताखालून गेल्यावर. मोबाइलचा फोटो सावल्या सपाट काळ्या करतो, त्यामुळे सुरकुत्या नुसत्या रेघा होतात. आजी असतील तर त्यांना दुपारी खिडकीशी बसवून आधी पेन्सिलने चार-दोन स्केचेस करा. नसतील तर फोटोची कृष्णधवल प्रिंट काढा आणि पहिलं चित्र फक्त अंबर आणि पांढऱ्यातच करा.