वडिलांच्या छातीच्या सीटी स्कॅनमध्ये 'कोरोनरी कॅल्सिफिकेशन' आलंय, हार्टचं काही असेल का?

स्कॅन खोकल्यासाठी काढला होता, फुप्फुसं ठीक निघाली आणि डॉक्टर त्या ओळीवर काहीच बोलले नाहीत असं तुम्ही लिहिलंय. मी सांगलीत सीटी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण ती ओळ तशीच सोडू नका.

हार्टला रक्त नेणाऱ्या नळ्यांच्या भिंतीत चरबी साठत जाते आणि काही वर्षांनी तिच्यात कॅल्शियम बसतं, ते हे. आमच्या स्क्रीनवर हृदय राखाडी दिसतं आणि त्यावर चुन्याचं बोट ओढल्यासारखी बारीक रेघ, बरगडीच्या हाडाएवढी पांढरीशुभ्र. म्हणजे अटॅक येणारच असं नाही, ब्लॉकेज किती टक्के तेही यावरून कळत नाही, पण धोका आहे हे कळतं. (दूध बंद करायला लावू नका, लोक लगेच तेच करतात.)

कॅल्शियम स्कोअरचा स्कॅन वेगळा असतो, त्यात ईसीजी लावून ठोक्याच्या हिशोबाने फोटो घेतात आणि आकडा येतो, 100 च्या वर गेला की डॉक्टर बहुतेक वेळा कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायचं बोलतात, 400 च्या वर म्हणजे बरंच जास्त. साध्या स्कॅनमध्ये हृदय हललेलं येतं त्यामुळे नेमका आकडा नाही, पण थोडं, मध्यम की जास्त एवढं रेडिओलॉजिस्ट सांगू शकतात. आणि कॅल्शियम नाही दिसलं तरी शुगरवाल्यांनी, सिगरेटवाल्यांनी निर्धास्त राहू नये, मऊ चरबी साध्या स्कॅनमध्ये दिसत नाही.

हे एवढं पोटतिडकीने लिहितोय कारण आमच्या चुलत्यांचा 2021 ला कोरोनात स्कॅन झाला, तेव्हा जो तो फुप्फुसांचं एकच विचारायचा, 25 पैकी स्कोअर किती? 7 आला, घरात सगळे खूश, खाली लिहिलेली कॅल्शियमची ओळ कुणी वाचलीच नाही, मी पण नाही. दोन वर्षांनी मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर बसून राहिले, घाम, डावा हात जड, तसंच मिरजेला नेलं आणि दोन स्टेंट टाकले. आता बरे आहेत पण जुनी फाईल काढून ती ओळ वाचली तेव्हा पोटात खड्डाच पडला.

वडिलांचं बीपी, शुगर, लिपिड प्रोफाईल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करून फिजिशियनला दाखवा, तंबाखू असेल तर तेही सांगा. चालताना छातीत दाबल्यासारखं होत असेल, दम लागत असेल तर आजच जा. आणि नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडी पण न्या, त्यात ते पांढरं स्वतः बघता येतं त्यांना.