रील सीट हलतेय, भोक पाडून इपॉक्सी सोडू का?

प्रश्न (गुहागरहून): काका नमस्कार. मागच्या दिवाळीत मी पहिल्यांदा स्वतः मासेमारीचा नऊ फुटी रॉड बांधला, दोन तुकड्यांचा. सीट (रील बसवायची नळी) आतून 18 मिमी आणि ब्लँक (रॉडची मूळ कांडी) त्या जागी 14 मिमी, म्हणून मधली फट मास्किंग टेपने पूर्ण भरून काढली, एकदम घट्ट, आणि वरून 5 मिनिटवाली इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावली. सहा महिने मस्त चालला. परवा खडपावर तांबोशी लागली आणि खेचताना रील हातातल्या हातात फिरलं, मासाही गेला. मित्र म्हणतो सीटला बारीक भोक पाड आणि सिरिंजने इपॉक्सी सोड. करू का?

उत्तर: तांबोशी गेली याचं वाईट वाटलं, पण रॉड वाचेल. भोक मात्र पाडू नका, तुमच्या केसमध्ये त्याचा उपयोग नाही. ती युक्ती खरी आहे, रीलच्या पायाखाली झाकली जाईल अशा जागी दोन भोकं पाडायची, एकातून इपॉक्सी आत आणि दुसऱ्यातून हवा बाहेर, पण त्यासाठी आत पोकळी लागते. तुमच्याकडे दोन्ही बाजूंना 2-2 मिमी फट होती म्हणजे टेपचे पंधराएक वेढे झाले असणार, सगळी जागा कागदाने भरलेली, मग इपॉक्सी जाणार कुठे?

इथेच मूळ चूक आहे आणि ती खूप जण करतात म्हणून नीट सांगतो. टेप फक्त सीट मध्यावर धरायला असते, पकडायचं काम इपॉक्सीचं, आणि त्यासाठी इपॉक्सी एकीकडे ब्लँकला आणि दुसरीकडे सीटला सलग चिकटलेली पाहिजे. तुमची इपॉक्सी टेपच्या वरच्या थराला चिकटली, तो थर खालच्या थराला नुसत्या टेपच्या गमाने धरलेला, त्यात खारं पाणी कडेने आत शिरलं की कागद फुगतो, मऊ होतो आणि सगळं फिरायला लागतं. शिवाय 5 मिनिटवाली इपॉक्सी घाईची असते, नीट पसरायच्या आत घट्ट होते, आणि पाण्यापुढे संथ इपॉक्सीइतकी टिकतही नाही.

म्हणून सीट कापूनच काढा. लांबीच्या दिशेने हॅकसॉच्या पात्याने हळूहळू चर पाडा, टेप दिसली की थांबा, पातं ब्लँकला लागता कामा नये. कार्बनच्या ब्लँकवर एक ओरखडा जरी पडला तरी पुढे मोठ्या माशाच्या वेळी रॉड तिथूनच मोडू शकतो. आता अडचण अशी की रॉड पूर्ण बांधलेला आहे, नवी सीट वरून सरकवायची तर गाइड (दोरी ओवायच्या कड्या) आडवे येतात. खालच्या तुकड्यावर एकदोनच गाइड असतील तर ते सोडवून परत बांधा, नाहीतर मागची ईव्हीए (फोमची) ग्रिप ब्लेडने कापून सीट बुडाकडून चढवा, पण आधी बुडाचं माप घ्या, ते 18 मिमीच्या आत बसलं पाहिजे.

मग ब्लँकची चमक 320 च्या पॉलिश पेपरने फक्त मारा, घासून खोल जाऊ नका. सीटही आतून खरखरीत करा, हे बहुतेक जण विसरतात आणि त्या गुळगुळीत प्लास्टिकवर काहीच धरत नाही. दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर हात लावू नका, बोटाला खोबरेल असलं तरी जोड कच्चा राहतो. 2 मिमी फटीला मी टेप वापरतच नाही, आर्बर (फट भरायची तयार नळी) घ्या, आतून ब्लँकच्या उताराप्रमाणे घासून बसवा. फट एखाद मिमी असेल तर टेप चालते, पण अरुंद पट्ट्या, मध्ये बोटभर जागा सोडून, आणि पट्ट्यांच्या कडासुद्धा इपॉक्सीत बुडालेल्या.

इपॉक्सी हळू सुकणारी, 24 तासवाली. दोन्ही भाग पाकिटावरच्या प्रमाणात, आणि दोन मिनिटं तरी मिसळा, कडेचं खरवडून मध्ये घेत. ब्लँकला लावा, सीटच्या आतही लावा, आणि सीट फिरवत फिरवत सरकवा म्हणजे कोरडी जागा राहत नाही. लगेच रील चढवून गाइडच्या रेषेत डोळा लावून बघा, आत्ता सरळ करता येतं, उद्या नाही. आट्यांवर आलेली इपॉक्सी तेव्हाच स्पिरिटच्या फडक्याने पुसा, नाहीतर नटच फिरणार नाही. रील काढा, तो तुकडा उभा टेकवून ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हलवून बघायचा मोह आवरा. पावसाळ्यात हे काम कोरड्या खोलीत करा.

प्रश्न (अलिबागहून): आमच्याकडे आर्बर मिळत नाही, मागवला तर आठवडा जातो. दुसरं काय?

उत्तर: पीओपीच्या जोडांवर लावतात ती फायबरची जाळीदार टेप रंगाच्या दुकानात मिळते, ती घ्या. ब्लँकवर इपॉक्सी लावून त्यावर जाळी गुंडाळा, प्रत्येक वेढ्याला परत इपॉक्सी चोपडा, जाळीच्या भोकांतून ती आरपार जाते आणि कागदासारखी पाण्याने फुगायची भीती नाही. वेढे सीट सैलसर जाईल इतकेच ठेवा, ठोकून बसवावी लागली तर इपॉक्सी सगळी पुढे ढकलली जाते. जिताडा असो की तांबोशी, मी खाडीवर वापरतो ते दोन रॉड असेच बांधलेत आणि दोन्हींची सीट आजवर हललेली नाही.