शीड गप्प बसलंय म्हणजे बरोबर लागलंय असं नाही

वाचकांचे प्रश्न : शिडाची बोट

या वेळची बहुतेक पत्रं शिडाच्या ट्रिमबद्दलच, म्हणजे शीड किती ओढायचं आणि किती सोडायचं याबद्दलच आहेत, आणि मला त्याचा खरंच आनंद झाला कारण एरवी लोक बोट कुठली घ्यावी हेच विचारतात. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, बेसिक कोर्स झालाय, टॅक करता येतं, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवता येतं. पण शीड बरोबर लागलंय हे ओळखायचं कसं ते अजून कळत नाही. शिकवणारे नुसते "सोड थोडं", "ओढ थोडं" म्हणायचे, का ते कधी सांगितलंच नाही. मी फडफड थांबेपर्यंत शीट, म्हणजे शिडाची दोरी, ओढते आणि मग सेफ वाटावं म्हणून अजून थोडी ओढून ठेवते. चालेल ना?

उत्तर : नाही, ते "अजून थोडी"च नडतं. शीड सैल असलं की ते फडफडतं, आवाज करतं, कुणालाही दिसतं की काहीतरी चुकलंय. पण जास्त ओढलेलं शीड एकदम गप्प असतं, छान ताणलेलं, फोटोत सुंदर दिसेल असं, आणि त्याच वेळी त्याच्या मागच्या बाजूची हवा कापडाला धरून वाहायची सोडून सुटलेली असते, म्हणजे पुढे ढकलणारा जोर कमी झाला आणि बोटीला आडवं लोटणारा जोर मात्र वाढला. म्हणून शंका आली की आधी सोडायचं, ओढायचं नाही. शिडाची पुढची कड हलायला लागेपर्यंत सोडा, मग ती जेमतेम थांबेल एवढंच ओढा आणि तिथेच थांबा. दर दोन-तीन मिनिटांनी हे पुन्हा करा कारण वारा एका जागी राहत नाही आणि तुमचा कोर्सही राहत नाही.

एकदा मुद्दाम करून बघा. वारा बरोबर बाजूने येतोय अशी दिशा धरा, ती अजिबात बदलू नका, शीट वर सांगितलं तशी लावा आणि स्पीड बघा. मग हातभर शीट ओढून घ्या आणि थांबा. लगेच काही होत नाही, बोट जड आहे, ती आधीच्या वेगावर जात राहते आणि तिथेच फसायला होतं. थोड्या वेळाने बोट जरा जास्त कललेली असते, सुकाणू जड झालेलं असतं आणि वेग हळूहळू उतरत असतो. आता तेवढीच शीट परत सोडा. हा फरक एकदा अंगाला कळला की मग कुणी सांगायची गरज पडत नाही.

प्रश्न : जिबवरचे, म्हणजे पुढच्या शिडावरचे ते लोकरीचे धागे, टेलटेल्स, मला उलटेसुलटेच आठवतात. कुठला उडाला की काय करायचं?

उत्तर : पाठ करू नका, हवेचा विचार करा. जिबच्या पुढच्या कडेजवळ दोन्ही बाजूंना धागे असतात, हवा कापडाला धरून नीट वाहत असली की दोन्ही मागे सरळ वाहतात. ज्या बाजूचा धागा नाचायला लागला त्या बाजूची हवा बिघडली. वाऱ्याकडचा धागा वर उडतोय म्हणजे शीड सैल आहे किंवा तुम्ही वाऱ्याच्या फार तोंडाशी गेलाय, तर शीट ओढा नाहीतर बोट वाऱ्यापासून जरा खाली घ्या. पलीकडचा धागा नाचतोय किंवा मेल्यासारखा लोंबतोय म्हणजे शीड जास्त ओढलंय, तर शीट सोडा नाहीतर बोट वाऱ्याकडे घ्या. हा पलीकडचा धागा जास्त महत्त्वाचा कारण वर म्हटलं तसं जास्त ओढलेलं शीड दुसऱ्या कुठल्या मार्गाने बोलतच नाही. तो कापडातून नीट दिसत नसेल तर उठून पलीकडच्या बाजूला बसा, आळस करू नका.

आता शीट हलवायची की सुकाणू, हा पुढचा प्रश्न असतोच. वाऱ्याच्या विरुद्ध जाताना शीट लावून ठेवतात आणि धाग्यांकडे बघत सुकाणूने बोट नेतात, कारण तिथे वारा नेईल तशी दिशा धरायची असते. ठरलेल्या खुणेकडे सरळ जायचं असेल तर उलटं, सुकाणू स्थिर आणि शीट हलती.

प्रश्न : जिबचा वरचा धागा नाचतो आणि खालचा सरळ असतो. एक बरोबर केला की दुसरा बिघडतो. काय करू?

उत्तर : इथे शीटचा नाही, जिबच्या कारचा दोष आहे, म्हणजे डेकच्या ट्रॅकवर पुढेमागे सरकणारी ती पुली. पुढे सरकवली की शीट खाली जास्त ओढते, मागची कड ताणली जाते आणि शिडाचा वरचा भाग बंद होतो. मागे सरकवली की तळ ताणला जातो आणि वरचा भाग उघडतो. तपासायची पद्धत सोपी, वाऱ्याविरुद्ध जात असताना बोट हळूहळू वाऱ्याकडे न्या आणि वाऱ्याकडचे वरचे, मधले, खालचे धागे बघा, सगळे साधारण एकदम उडायला हवेत. वरचा आधी उडाला तर कार पुढे, खालचा आधी उडाला तर मागे. आणि हो, जिब थोडी गुंडाळून लहान केलीत तर कारही पुढे न्यावी लागते, हे बरेच जण विसरतात आणि मग लहान केलेली जिब नीट लागत नाही म्हणून कुरकुर करतात.

मेनसेललाही, म्हणजे डोलकाठीमागच्या मुख्य शिडालाही हाच नियम. वर वारा जास्त वेगाने वाहतो कारण पाण्याजवळ घर्षणाने तो मंदावतो, त्यामुळे डोलकाठीच्या टोकाला वारा थोडा मागून आल्यासारखा लागतो आणि म्हणून शिडाला वर थोडा पीळ हवाच. सुरुवात म्हणून सगळ्यात वरची बॅटन, म्हणजे शिडात घातलेली पट्टी, बूमला, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या काठीला समांतर ठेवा, बूमच्या खाली उभं राहून वर बघितलं की दिसतं. हलक्या वाऱ्यात त्याहून जरा उघडी, मध्यम वाऱ्यात समांतर, फार वारा झाला की पुन्हा उघडी म्हणजे वरचा जोर निघून जातो.

प्रश्न : वारा जरा वाढला की आमची बोट एकदम कलते आणि स्वतःहून वाऱ्याकडे वळायला बघते, व्हील दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. मिस्टर म्हणतात शिडाची बोट आहे, कलणारच. मला मात्र भीती वाटते आणि हात दुखतात.

उत्तर : तुमचे हात खरं बोलतायत, त्यांचं ऐका. बोट कलते तसा शिडाचा जोर बोटीच्या बाहेर, पलीकडे सरकतो आणि तिथून तो तिचं नाक वाऱ्याकडे फिरवतो, शिवाय पाण्यातला बोटीचा आकारही कललेला असताना एकसारखा राहत नाही, त्याचीही भर पडते. मग तुम्ही सुकाणू उलटं धरून तिला सरळ ठेवता, आणि असं वाकडं धरलेलं सुकाणू म्हणजे पाण्यात ब्रेक. म्हणजे बोट खूप कललीय, पाणी उडतंय, जोरात चाललोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात ती हळू जात असते. थोडासा ओढा चांगला, हाताला बोट कळते, पण सुकाणू हाताच्या दोन बोटांत धरता यायला हवं. साध्या क्रूझिंग बोटीवर वीस अंशाच्या पुढे कल जायला लागला की काहीतरी कमी करायची वेळ झाली असं मी धरते.

क्रम असा ठेवा. झोत आला की मेनसेलचा ट्रॅव्हलर, म्हणजे मेनशीट जिला जोडलेली असते ती आडवी सरकणारी गाडी, पलीकडे सोडा, म्हणजे शिडाचा आकार तोच राहतो आणि पूर्ण शीड वाऱ्याला मोकळं होतं. ट्रॅव्हलर नसेल किंवा संपला असेल तर मेनशीट सोडा. इथे अजून एक गोष्ट आहे जी समजली की सोडायची भीतीच जाते. झोतात वाऱ्याचा वेग एकदम वाढतो पण बोटीचा वेग लगेच वाढत नाही, त्यामुळे बोटीवर जाणवणारा वारा क्षणभर जास्त मागून येतो, म्हणजे आत्तापर्यंत बरोबर असलेलं शीड त्या क्षणी आपोआप जास्त ओढलेलं झालं. तेव्हा शीट सोडणं हा घाबरटपणा नाही, तीच बरोबर ट्रिम आहे. त्यानंतर शीड सपाट करा, आउटहॉल (शिडाचा तळ बूमवर मागे ताणणारी दोरी) ओढा, हॅलियार्ड (शीड वर चढवायची दोरी) ताणा, बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारी तार) असेल तर तोही.

एवढं करूनही दर झोताला सोडावंच लागत असेल तर रीफ घ्या, म्हणजे शीड थोडं आवरून लहान करा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, दहा नॉट्सचा वारा चौदा झाला की जोर जवळपास दुप्पट, आकडा ऐकायला लहान वाटतो म्हणून लोक थांबतात आणि मग अंगावर आल्यावर घाईत रीफ घेतात. रीफ घेऊया का हा विचार मनात आला तीच वेळ. मिस्टरांना हे वाचून दाखवा, आणि एकदा रीफ घेऊन त्याच वाऱ्यात वेग किती पडतो ते त्यांनाच बघू द्या, बऱ्याचदा फरक पडतच नाही.

प्रश्न : वारा मागून असताना सगळं शांत असतं, मग वळलं की अचानक वादळ आल्यासारखं होतं. असं का?

उत्तर : वारा तोच असतो, तुम्ही त्याच्यापासून पळत होता. समजा वारा 15 नॉट्स आणि बोट 6 ने वाऱ्याबरोबर चाललीय, तर अंगावर 9 च नॉट्स लागतात. तीच बोट त्याच वेगाने वाऱ्याविरुद्ध साधारण 45 अंशात नेली की जवळपास 20 लागतात, म्हणजे शिडावरचा जोर जवळजवळ पाचपट. म्हणून मागून वारा असताना रीफचा निर्णय घ्यायचा तर अंगाला काय लागतंय त्यावर नको, खरा वारा किती आहे त्यावर घ्या, आणि वळायच्या आधी घ्या.

प्रश्न : काका म्हणतात तू अजून लहान आहेस, विंचला, म्हणजे दोर ओढायच्या त्या ड्रमला, हात लावू नकोस. मला शिकायचंय. कसं धरायचं?

उत्तर : काकांची काळजी बरोबर आहे, विंचमध्ये हाताचं बोट अडकलं तर फार वाईट इजा होते, म्हणून आधी बोट किनाऱ्याला बांधलेली असताना त्यांच्याच समोर शिक. दोर ड्रमवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घ्यायचा. सैल दोर ओढताना दोन वेढे पुरे, ताण आला की तिसरा, लागला तर चौथा. आधीच चार घेतलेस तर वेढे एकमेकांवर चढून दोर अडकतो. आता सगळ्यात महत्त्वाचं, सोडणं. उजव्या हातात दोराचं शेपूट, डाव्या हाताचा तळवा सपाट वेढ्यांवर दाबलेला, बोटं सरळ, अंगठा बाहेर, ड्रमला मूठ मारायची नाही. तळव्याचा दाब थोडा कमी केलास की दोर इंचाइंचाने कुरकुरत सरकतो, तो आवाज आला की बरोबर चाललंय. टॅकच्या वेळी पूर्ण सोडायचा असेल तर आधी असा थोडा सरकव, मग शेपूट सरळ वर उचलून वेढे उलट्या दिशेने ड्रमवरून काढ. केस बांधलेले, ओढणी-दोऱ्या काही लोंबत नको.

प्रश्न : मेनसेलवर काठीजवळ आडव्या सुरकुत्या येतात.

उत्तर : हॅलियार्ड सैल आहे, ताणा. उभी घडी पडली तर जास्त ताणलं. अगदी हलक्या वाऱ्यात थोड्या सुरकुत्या असू द्याव्यात.

प्रश्न : जाइबची, म्हणजे वारा मागून असताना वळून शीड दुसऱ्या बाजूला नेण्याची फार भीती वाटते, एकदा बूम डोक्यावरून गेली तेव्हापासून.

उत्तर : ही भीती सोडू नका, तिच्यामुळे तुम्ही नीट तयारी कराल. वळायच्या आधी मेनशीट पूर्ण ओढून बूम मधोमध आणायची, सगळ्यांची डोकी खाली आहेत ना बघायचं, "तयार?" विचारून उत्तर ऐकायचं, मग सुकाणू हळू. शीड पलीकडे गेलं की मेनशीट लगेच पण हातात धरून सोडायची, घट्ट राहिली तर बोट वाऱ्याकडे उसळी घेते.

न ठरवता होणारी जाइब जास्त धोक्याची. वारा बरोबर पाठीमागे ठेवून जाऊच नका, वीस-तीस अंश बाजूला ठेवा, वळणावळणाने गेलात तरी चालेल. आणि जिबवर लक्ष ठेवा, ती मेनसेलच्या आडोशात लुळी पडली म्हणजे वारा पार मागे आलाय, दुसऱ्या बाजूला झुकायला लागली तर लगेच बोट वाऱ्याकडे वळवा. लांबच्या पल्ल्यावर बूमच्या टोकापासून पुढे बोटीच्या नाकापर्यंत नेऊन कॉकपिटमध्ये परत आणलेला प्रिव्हेंटर, म्हणजे बूम अचानक फिरू न देणारा दोर, बांधा, म्हणजे कॉकपिट न सोडता तो सुटतो. हे सगळं हलक्या वाऱ्यात, मोकळ्या पाण्यात, जवळ दुसऱ्या बोटी नसताना सलग करत राहा, हातांना क्रम बसला की मगच जास्त वाऱ्यात.