वाचकांचे प्रश्न : ‘-मार्च’पुढे कोणतं नाव लिहायचं?

प्रश्न : प्रयोगशाळेतल्या नव्या संगणकावर जीसीसी या कंपायलरला (लिहिलेला कोड प्रोसेसरच्या सूचनांत बदलणाऱ्या प्रोग्रामला) ‘-ओ३ -मार्च=नेटिव्ह’ देऊन प्रोग्राम कंपाइल केला; ‘-ओ३’ वेगासाठी, ‘-मार्च’ कोणत्या प्रोसेसरसाठी बांधायचं ते सांगायला. जुन्या संगणकावर तो ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत बंद पडतो. प्रोसेसरचा प्रकार सांगणारी ‘यूनेम -एम’ ही आज्ञा दोन्हीकडे ‘एक्स८६_६४’च दाखवते. मग अडतंय कुठे?

उत्तर : ‘एक्स८६_६४’ हे नुसतं आडनाव झालं. एएमडीच्या २००३ च्या ऑप्टेरॉन प्रोसेसरपासून आजच्या चिपपर्यंत सगळे त्यात येतात. ‘नेटिव्ह’ म्हटलं की जीसीसी ज्या संगणकावर चालतोय त्याच्याच प्रोसेसरकडे चौकशी करतो आणि तिथे मिळतील त्या सगळ्या सूचना वापरायला मोकळा होतो. एव्हीएक्स२, एफएमए अशा, एका दमात जास्त आकडेमोड करणाऱ्या नव्या सूचना जुन्या प्रोसेसरला कळत नाहीत. लिनक्स मग सिगइल, म्हणजे ४ क्रमांकाचा सिग्नल पाठवून प्रोग्राम थांबवतं. शेलमध्ये एक्झिट कोड (प्रोग्राम संपल्यावर मिळणारा आकडा) १३२ दिसला तर आधी हाच संशय घ्या. प्रोग्राम सुरू होताक्षणीच पडेल असंही नाही. एव्हीएक्स२ वापरणारं लूप तासाभराने चालणार असेल, तर तो तासाभराने पडेल. त्यामुळे ‘सुरू तर झाला’ ही चाचणी पुरेशी नाही.

नाव निवडायचं ते चालवणाऱ्या संगणकांपैकी सर्वांत कमकुवत कोण हे पाहून. त्यासाठी २०२० मध्ये ठरलेले, प्रोसेसरला कोणत्या सूचना कळतात त्यावरून पाडलेले स्तर सोयीचे आहेत. ‘एक्स८६-६४-व्ही२’मध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट, ‘व्ही३’मध्ये एव्हीएक्स२, एफएमए, बीएमआय२ आणि ‘व्ही४’मध्ये एव्हीएक्स-५१२ चे पाच मुख्य गट. जीसीसी ११ आणि क्लँग १२ पासून ही नावं थेट ‘-मार्च=’पुढे चालतात. प्रत्येक संगणकावर ‘/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ --हेल्प’ चालवा. जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३३ किंवा पुढची असेल तर कोणते स्तर ‘सपोर्टेड’ आहेत ते शेवटी छापून येतं. सगळ्यांत खालचा स्तर घ्या. मग ‘मेक क्लीन’ करून (आधी तयार झालेल्या फायली पुसून) सगळं पुन्हा बांधा, कारण फ्लॅग (‘-मार्च’सारखे पर्याय) बदलले तरी साध्या मेकफाइलला (बांधणीची कृती सांगणाऱ्या फाइलला) ते कळत नाही आणि जुन्या ऑब्जेक्ट फायली तशाच जोडल्या जातात. ‘नेटिव्ह’ने बांधलेल्या स्वतःच्या स्टॅटिक (प्रोग्राममध्येच मिसळल्या जाणाऱ्या) लायब्रऱ्याही यात धरा.

चिपच्या पिढीवर मात्र विसंबू नका. ‘-मार्च=हॅसवेल’ने बांधलेला प्रोग्राम इंटेलच्या हॅसवेल पिढीच्याच पेंटियम किंवा सेलेरॉनवर पडू शकतो; त्या स्वस्त चिपांत इंटेलने एव्हीएक्स बंदच ठेवलं होतं.

प्रश्न : ‘-मार्च’ आणि ‘-मट्यून’ यांत फरक काय?

उत्तर : ‘-मट्यून’ने सूचनांचा क्रम आणि निवड बदलते, नव्या सूचना येत नाहीत, म्हणून ते कधीच धोक्याचं नाही. एक्स८६ वर ‘-एमसीपीयू’ हे त्याचंच जुनं नाव. एआरएम प्रोसेसरांवर (फोन, रास्पबेरी पाय यांतल्या) मात्र तेच ‘-एमसीपीयू’ सूचनासंचही ठरवतं. एकाची मेकफाइल दुसरीकडे उचलताना घात होतो तो इथेच.

प्रश्न : उबुंटूवरच्या ‘आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ’ कंपायलरने रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू या छोट्या संगणकासाठी प्रोग्राम बांधला. ‘-मार्च=आर्मव्ही६’ देऊनही तो बंद पडतो.

उत्तर : झिरो डब्ल्यूचा प्रोसेसर एआरएमव्ही६ आहे. डेबियन आणि उबुंटूचं ‘आर्मएचएफ’ (३२ बिटी एआरएमसाठीची आवृत्ती) एआरएमव्ही७ पासून सुरू होतं, तर रास्पबेरी पायच्या ३२ बिटी प्रणालीचं ‘आर्मएचएफ’ एआरएमव्ही६ पासून. नाव तेच, हमी वेगळी! तुमचा कोड व्ही६ चा झाला, पण त्याला जोडली जाणारी सीआरटी१.ओ (प्रोग्राम सुरू करून देणारी फाइल) आणि लिबजीसीसी (कंपायलरची मदतनीस लायब्ररी) उबुंटूची, व्ही७ साठी बांधलेली आहेत. मेन फंक्शनपर्यंत पोचण्याआधीच प्रोग्राम पडतो तो त्यामुळे. कोणताही फ्लॅग हे दुरुस्त करणार नाही. व्ही६ साठीच बांधलेली टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) आणि पायच्या प्रणालीतून घेतलेलं सिसरूट (तिथल्या लायब्रऱ्यांची प्रत) वापरा, फ्लॅग ‘-मार्च=आर्मव्ही६ -एमएफपीयू=व्हीएफपी -एमफ्लोट-एबीआय=हार्ड -मार्म’ ठेवा. शेवटचा ‘-मार्म’ नसेल आणि कंपायलर थंब (एआरएमचा आखूड सूचनासंच) गृहीत धरत असेल, तर ‘थंब-१ हार्ड-फ्लोट’ची त्रुटी येते. प्रोग्राम छोटा असेल तर सरळ पायवरच कंपाइल करा. वेळ लागेल, पण जुळणीचा प्रश्नच उरत नाही.

कार्डावर कॉपी करण्याआधी बांधलेल्या फाइलची माहिती दाखवणारं ‘रीडएल्फ -ए’ (ए मोठ्या लिपीतला) चालवून ‘टॅग_सीपीयू_आर्क’ ही ओळ पाहा. तिथे ‘व्ही७’ दिसलं, तर जोडलेल्या फायलींपैकी एखादी अजून व्ही७ चीच आहे.