आता डाव कुणाचा?

वाचकांचे प्रश्न, मावशीची उत्तरं

गेल्या अंकात जाता जाता लिहून गेले होते की दिवाळीनंतरच्या मंदीत, दुकानात गिऱ्हाईक नसताना, ‘पोकेमॉन लेजेंड्स: झेड-ए’ हा व्हिडिओ गेम संपवला. त्या एका ओळीवर पत्रांचा ढीग आला. कॉलेज रोडला झेरॉक्सचं दुकान चालवणारी, पन्नाशीला टेकायला आलेली बाई काउंटरखाली स्विच (निन्टेन्डोचं गेम खेळायचं यंत्र) घेऊन बसते म्हणजे काय, हाच त्यातल्या निम्म्या पत्रांचा विषय. त्यांना उत्तर नाही. बाकीची घेते.

मावशी, मी एकतीस वर्षांचा. शाळेत असताना टीव्हीवरचं कार्टून, चिप्सच्या पुड्यातले टॅझो, मग कम्प्युटरवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून जुने गेम, सगळं करून झालं. पुढे सोडून दिलं, कारण प्रत्येक नव्या गेममध्ये तेच. तीन प्राण्यांतला एक निवडा, आठ जिम म्हणजे लढतीचे आखाडे, ते जिंकल्याचे आठ बॅज, मग चॅम्पियन. या नव्यात खरंच काही आहे, की नुसती भाकरी परतलीय? – एक जुना खेळाडू, पंचवटी

तुमची तक्रार रास्त आहे. 1996 च्या फेब्रुवारीत जपानमध्ये गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर पोकेमॉनचे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले गेम आले, तेव्हापासून हा साचा चालत आला. सातोशी ताजिरी हा त्याचा जनक. लहानपणी टोकियोजवळच्या माचिदात किडे पकडत हिंडायचा, त्या नादातून त्याला ही कल्पना सुचली. तेव्हा 151 प्राणी, म्हणजे पोकेमॉन, होते, आज हजाराच्या वर आहेत. प्राणी वाढले, नकाशे वाढले, रंग आले, पण लढाई जशीच्या तशी राहिली. तुम्ही आपल्या प्राण्याला एक मूव्ह, म्हणजे हल्ला किंवा बचाव, सांगायची, समोरच्याने एक सांगायची, आणि तुमचं ठरेपर्यंत सगळं जग थांबायचं.

हे थांबणं किती पक्कं होतं ते सांगते. एकदा जुन्या गेममध्ये ऑनिक्स नावाच्या पोकेमॉनशी लढाई चालू असताना एक एमबीएचा मुलगा प्रोजेक्टचे तीन संच घेऊन आला. पानं लावली, स्पायरल घातली, पैसे घेतले, सुट्ट्यावरून थोडी बाचाबाची झाली, परत आले तर ऑनिक्स तिथल्या तिथे उभा. मी बोट लावेपर्यंत तो जागचा हलणार नव्हता.

झेड-एमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याच सवयीने मान वर केली. आधार कार्डाच्या दोन कॉपी, चार रुपये. खाली बघते तर माझ्या पोकेमॉनपैकी चिकोरिटा आडवी. कारण इथे डाव कुणाचा, हा प्रश्नच काढून टाकलाय. चार मूव्ह चार बटणांवर. दाबली की लगेच सुटते, आणि तीच पुन्हा वापरायची तर काही सेकंद थांबावं लागतं. जोरदार मूव्हला जास्त, हलक्या मूव्हला कमी. पूर्वी मूव्ह मोजून मिळायच्या, दहा वेळा वापरली की संपली. ते मोजमाप गेलं, त्याच्या जागी घड्याळ आलं. आणि घड्याळाबरोबर अंतरही आलं. काही मूव्ह जवळून लागतात, काही लांबून, काही आजूबाजूला पसरतात. समोरच्याची मूव्ह यायच्या वेळी तुमचा प्राणी तिथे नसेल तर ती वाया. तुम्ही स्वतःही मैदानात असता. रानटी प्राणी थेट तुमच्या अंगावर येतात.

जुना खेळ म्हणजे पत्ते. हातातली पानं बघायची, समोरच्याचा चेहरा वाचायचा, मग पान टाकायचं. हा आट्यापाट्यांसारखा आहे. पाटीवरचा डोळ्यांत डोळे घालून उभा असतो, आणि तो हलला त्याच क्षणी तुम्हाला निसटायचं असतं.

बऱ्याच जणांना वाटतं की नवलाई मेगा इव्होल्यूशनची (लढाईपुरतं प्राण्याला येणारं जास्त ताकदवान रूप) आहे. ती तर 2013 च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’ या गेममध्येच आली होती. इथे तिचं माप लढता लढता भरत जातं, एवढाच फरक. खरी फट पडली 2022 च्या जानेवारीत, ‘लेजेंड्स: आर्सेअस’मध्ये. तिथे जिम नव्हते, बॅज नव्हते. गवतात दबा धरून बसायचं आणि पाठीमागून बॉल फेकायचा, लढाई न करताही प्राणी हाताला लागायचा. बॉलसुद्धा रानातली फळं आणि दगड गोळा करून स्वतः बनवायचे. पकडणं असं मोकळं झालं, पण लढायची वेळ आली की पुन्हा आळीपाळी. झेड-एने उरलेला तो शेवटचा खांब पाडला. तो आला 16 ऑक्टोबर 2025 ला, स्विच आणि स्विच 2 दोन्हींवर.

तुमचं जुनं ज्ञान मात्र वाया जाणार नाही. आग पाण्याला घाबरते, पाणी गवताला. अठरा टाइपचा तो तक्ता तसाच आहे. पिशवीत सहाच प्राणी, सुरुवातीला तिघांतला एक (चिकोरिटा, टेपिग, टोटोडाइल), हेही तसंच. म्हणून तीस वर्षांची सवय एका रात्रीत मोडली तरी परकं वाटत नाही. माझ्या मते या गेमची अक्कल इथे आहे. पायाच्या दगडाला त्यांनी हात लावला नाही.

आठ जिमच्या जागी काय, ते राहिलं. रात्र झाली की शहराचा एखादा भाग लढाईसाठी आखला जातो आणि तिथे स्पर्धा सुरू होते. तुम्ही झेड या शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करायची आणि एपर्यंत चढायचं. गल्लीबोळात लपून दुसऱ्या ट्रेनरला (प्राणी लढवणाऱ्याला) पाठीमागून गाठलं तर पहिला फटका तुमचा. गुण जमले की बढतीची लढत. सव्वीसच्या सव्वीस पायऱ्या काही चढाव्या लागत नाहीत, कथा मध्येच तुम्हाला उचलून बरंच वर नेऊन ठेवते. मला ते फसवल्यासारखं वाटलं. दुकानातल्या पोरांना हायसं वाटलं.

एक गोष्ट गेली, आणि तिची मला चुटपुट आहे. पूर्वी माझ्यासारखी मंद हातांची बाई केवळ डोक्याने जिंकायची. विष घाल, झोपव, वाट बघ. आता विचार करायला बसलं की मार बसतो. हा खेळ वाईट झाला असं मी म्हणणार नाही, पण तरण्या हातांचा झाला. तुम्ही एकतिशीत आहात, घ्या.

मावशी, माझा टोटोडाइल समोरच्यापेक्षा लेव्हलने मोठा आहे तरी रात्रीच्या लढाईत मी हरतो. मोठा भाऊ म्हणतो तुला खेळता येत नाही. – सातवीतला वाचक, सिडको

भावाला सांग, मावशी पण पंचवीस वेळा हरली.

तू बहुतेक जागेवर उभा राहून नुसती बटणं बडवतोस. तुझा प्राणी तुझ्या मागे मागे असतो, हे लक्षात घे. तू जिथे, तिथे तो. समोरच्यावर नेम धरायचं बटण सोडलंस की तो धावत तुझ्याकडे येतो. समोरून मोठी मूव्ह सुटतेय असं दिसलं की बटण सोड आणि बाजूला पळ, मूव्ह मोकळ्या जमिनीवर आपटेल. मग समोरच्याकडे ती मूव्ह काही सेकंद नसते, तेव्हा तू घुस.

चारही मूव्ह दणकट ठेवू नकोस. एकदम सुटल्या तर चारही एकदम बंद पडतात आणि तू हात चोळत बसतोस. एक तरी हलकी, पटकन परत येणारी ठेव. ‘प्रोटेक्ट’ ही मूव्ह पूर्वी कंटाळवाणी वाटायची, इथे वेळ साधून मारलीस तर सोनं आहे. आणि तोंडातून आरडाओरडा करत गल्लीत शिरू नकोस, वाकून, भिंतीच्या कडेने जा. ते लोकही तुला शोधतच असतात.

गवताच्या टाइपसमोर टोटोडाइल काढत असशील तर मात्र भावाचं बरोबर आहे.

अख्खा गेम एकाच शहरात आहे म्हणे. पूर्वी गावोगाव भटकायचो, समुद्र, गुहा, डोंगर. एका शहरात काय हिंडणार? – इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी, अमृतधाम

मलाही हीच धास्ती होती. शहराचं नाव लुमिओज, घडण पॅरिसची. मध्ये आयफेलसारखा उंच मनोरा, त्याच्याभोवती गोल रस्ते. ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये हेच शहर वाटेवरचा एक थांबा होतं. इथे तेच सगळं जग.

पण तुम्ही नाशिकच्या आहात, तुम्हाला हे पटकन कळेल. मेन रोडला रोज जाणाऱ्यालाही तिथले सगळे वाडे, सगळे बोळ, कोणत्या जिन्यावरून कोणत्या गच्चीत जाता येतं, हे ठाऊक नसतं. लुमिओज तसं आहे. शिडी चढून छपरावर जा, परांचीवरून पलीकडच्या छपरावर, तिथे एखादा प्राणी ऊन खात बसलेला. मी पहिले दोन आठवडे खालच्या रस्त्यांवरच होते, वरचं शहर नंतर सापडलं.

दुसरं म्हणजे रानटी झोन. शहराचं पुनर्विकासाचं काम एका कंपनीकडे दिलंय, आणि माणसं नि पोकेमॉन यांनी एकत्र राहावं म्हणून वस्तीतलेच काही तुकडे प्राण्यांसाठी सोडलेत, भोवती उजेडाच्या भिंती उभ्या करून. कथा पुढे सरकते तसे हे झोन वाढत जातात. आत लाल डोळ्यांचा एखादा आडदांड प्राणी असतो, त्याला अल्फा म्हणतात, त्याने पाहिलं की पळायचं. आमच्याकडे गोदाकाठच्या मळ्यांतून, उसातून बिबट्या कॉलनीत शिरला की पिंजरा लागतो, शाळेच्या ग्रुपवर निरोप फिरतात, कुणीतरी गच्चीवरून मोबाइलवर शूटिंग करतं. त्यामुळे बेकरीच्या मागच्या अंगणात जनावर, हे मला गेममध्ये अजिबात खोटं वाटलं नाही. आणि पुनर्विकासाचं म्हणाल तर 2027 च्या सिंहस्थासाठी सध्या जे खोदकाम चाललंय, त्यातून वाट काढत दुकान गाठणाऱ्या बाईला लुमिओजचे बांबू-पत्रे घरचेच वाटले.

खटकलं ते सांगते. इमारती पुष्कळशा सारख्याच, आणि बाल्कन्या जवळून पाहिल्या तर भिंतीवर रंगवल्यासारख्या सपाट. समुद्राची, डोंगराची आठवण येतेच. भटकायचं असेल तर ‘आर्सेअस’ खेळा, त्यातला हिसुई हा प्रदेश म्हणजे जपानच्या होक्काइडो बेटावर बेतलेल्या, आधीच्या गेममधल्या सिन्नोचंच जुनं रूप. बर्फ, दलदल, किनारा, सगळं आहे.

मुलगा नऊ वर्षांचा, मराठी माध्यमात. वाढदिवसाला हाच गेम हवा म्हणून हटून बसलाय. मारामारी आहे का? त्याला झेपेल का? खर्चाचंही सांगा. – एक आई, इंदिरानगर

ताई, रक्त वगैरे काही नाही. प्राणी दमून पडतात, उपचार केले की उठतात. काळजी दुसरीच आहे. गेममध्ये मराठी नाही, हिंदीही नाही, आणि पात्रं तोंडाने बोलत नाहीत, सगळं इंग्रजीत वाचायचं. नऊ वर्षांचा मुलगा पानं उलटावी तशी बटणं दाबत पुढे जाईल. पहिला आठवडा तुम्ही किंवा त्याची ताई शेजारी बसून वाचून दाखवा. माझ्या भाच्याचं इंग्रजी असंच सुधारलं. त्याला ‘इफेक्टिव्ह’चा अर्थ शाळेआधी पोकेमॉनने शिकवला, असं तो शपथेवर सांगतो.

 

खर्च बराच आहे. कन्सोल आपल्याकडे आयात करणाऱ्या दुकानांतून येतो, तेव्हा चार ठिकाणी भाव विचारा आणि पक्कं बिल घ्या. घरात जुना स्विच असेल तर त्यावरही हा चालतो, नवा घ्यायची गरज नाही. एक बचत आहे. मुख्य मालिकेत दोन-दोन आवृत्त्या निघतात, एकीतले काही प्राणी दुसरीत नसतात, म्हणजे घरात दोन मुलं असतील तर दोन्ही घ्या. लेजेंड्समध्ये आवृत्ती एकच. आणि डब्यात कार्ट्रिज आहे ना, ते दुकानातच उघडून बघा. मला एकदा सीलबंद डब्यात नुसता कोडचा कागद मिळाला होता, तोही दुसऱ्या देशातल्या खात्यालाच चालणारा. कार्ट्रिज असलं की मन भरल्यावर विकता तरी येतं.

मावशी, तुमचा सगळ्यात लाडका कोण? पिकाचू म्हणू नका. – पोस्टकार्डावर नाव नाही

हाँटर.

2000 च्या उन्हाळ्यात मस्कतहून आलेल्या मावसभावाने गेम बॉय आणि ‘रेड’ची कॅसेट मला देऊन टाकली. बी.कॉम.चं दुसरं वर्ष होतं. गेममधल्या लॅव्हेंडर टाउनच्या मनोऱ्यात मी गॅस्टली नावाचा पोकेमॉन पकडला, पंचविसाव्या लेव्हलला त्याचा हाँटर झाला. पुढे त्याचा गेंगर व्हायला हवा, पण तो नुसत्या लढाईने होत नाही. दुसऱ्या गेम बॉयला वायर जोडून हाँटर मित्राला द्यायचा, त्याच्याकडे गेला की तो बदलतो. ताजिरीला मुळात हीच वायर आवडली होती, किडे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जावेत तशी. माझ्या माहितीत अख्ख्या नाशिकमध्ये दुसरा गेम बॉय नव्हता. वायरही नव्हती. हाँटर शंभराव्या लेव्हलपर्यंत हाँटरच राहिला. पुढे कॅसेटमधला सेल संपला आणि तोही गेला.

‘आर्सेअस’मध्ये त्या वायरीचीच एक वस्तू केलीय, ‘लिंकिंग कॉर्ड’. ती मिळवायला वेगळे गुण लागतात, आणि ते गुण मिळतात इतर खेळाडूंच्या रानात पडलेल्या थैल्या उचलून परत केल्या की. कोण कुठले लोक, त्यांच्या थैल्या मी महिनाभर गोळा केल्या. एका रात्री गॅस्टली धरला, वाढवला, हाँटर झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कॉर्ड त्याच्या हातात ठेवली.

पडदा पांढरा झाला तेवढ्यात बाहेरून कुणीतरी वाकून विचारलं, झेरॉक्स मिळेल का?

मशीन बंद आहे म्हटलं. चालू होतं.