मुलीसाठी पहिली गाडी: मॉडेलआधी वर्ष ठरवा

तुमची मुलगी येत्या जूनमध्ये 18 वर्षांची होईल, ती भुसावळहून जळगावला कॉलेजला रोज ये-जा करणार आहे, हाताशी 5 लाख रुपये आहेत आणि गाडीने प्रदूषण कमी करावे, अशी तुमची अपेक्षा आहे. माझा सल्ला असा की, मॉडेलच्या आधी गाडीचे उत्पादन-वर्ष ठरवा आणि एप्रिल 2020 नंतरचीच गाडी पाहा. 2019 मध्ये नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, तर एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुरावर मर्यादा घालणारे सरकारी निकष लागू झाले. म्हणजे नवशिक्या हातांची सुरक्षितता आणि धुराचा प्रश्न या दोन्हींची निदान किमान हमी मिळते. 2022 ची मिळाली तर शेजारच्या सीटलाही एअरबॅग असते, त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी मोजावेत.

या रकमेत मी कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली जुनी वॅगनआर किंवा सेलेरिओ शोधेन. सिलिंडरची चाचणी दर 3 वर्षांनी करावी लागते, तिचा दाखला अवश्य मागा. घरी चार्जिंगची सोय असेल तर रोजच्या 50 किलोमीटरला इलेक्ट्रिक गाडीही उत्तम; मात्र जुनी घेताना बॅटरीची तपासणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या.

टायरकडे विशेष लक्ष द्या. काही वर्षांपूर्वी मुलासाठी गाडी पाहायला मी सुरतला गेलो होतो. टायर पॉलिश लावून काळेभोर केलेले होते. खाली बसून बाजूचा आकडा वाचला तर तो 2316 निघाला, म्हणजे 2016 सालातला 23 वा आठवडा, आणि बोट फिरवल्यावर रबराच्या बारीक भेगा हाताला लागल्या. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात असे टायर हायवेवर केव्हा दगा देतील सांगता येत नाही, म्हणून मी ती गाडी सोडली. शिवाय गुजरात पासिंगची गाडी आणली की तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स आलाच. स्वस्त वाटलेल्या किमतीत हा खर्च आधीच धरा.

जूनपर्यंत तिच्या हाती स्टिअरिंग देऊ नका, कॉलनीतल्या रस्त्यावरसुद्धा नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केल्यास पालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लर्निंग लायसन्स मिळाल्यावर पक्क्या लायसन्सच्या चाचणीपूर्वी निदान 30 दिवस जावे लागतात. त्या दिवसांत रोज पहाटे, रस्ता मोकळा असताना, तुम्ही स्वतः तिच्या शेजारी बसा.