नॉर्वेच्या एलितेसेरिएन या फुटबॉल लीगचा २०२० चा सिझन बोडो/ग्लिम्ट क्लबने जिंकला, तो कोरोनामुळे लागलेला मटका होता का? आणि आता ही लीग बघायची तर सुरुवात कुठून करावी?

मटका हा शब्द वाचला आणि गॅस बंद करून लिहायला बसले. हाच शब्द आमच्या धाकट्या दिरांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, त्यामुळे उत्तर थोडं तिकडे झुकेल. सांभाळून घ्या.

मटका नव्हता. एकदा लागतो तो मटका. ३० सामन्यांत २६ विजय, ३ बरोबरी आणि एकच पराभव, याला मटका म्हणणाऱ्याने बेरीज करून बघावी. ८१ गुण. दुसऱ्या क्रमांकावरच्या मोल्डेचे ६२. मध्ये १९ गुणांची दरी. गोल केले १०३, खाल्ले ३२. आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, मोल्डे ६८ गुणांवर विजेते आणि ग्लिम्ट ५४ वर दुसरे होते. म्हणजे १४ गुणांनी मागे असलेला संघ वर्षभरात १९ गुणांनी पुढे गेला, तेही हाकोन एव्हयेन हा आपला सगळ्यात चमकदार पोरगा हंगामाआधी हॉलंडच्या आझेड क्लबला विकून.

तेव्हा आम्ही ड्रामेनला राहायचो. ऑस्लोपासून ट्रेनने अर्धा-पाऊण तास. मार्टिन ओडेगार्ड इथलाच, पंधराव्या वर्षी इथल्या स्ट्रोम्सगोडसेटकडून खेळला आणि मग थेट रिअल माद्रिद. त्यामुळे या गावात फुटबॉलवर बोलताना लोकांची मान जरा ताठच असते. मारिएनलिस्ट स्टेडियम आमच्या बिल्डिंगच्या इतकं जवळ होतं की बाल्कनीतून एक कोपरा दिसायचा. नवरा स्ट्रोम्सगोडसेटवाला, मुलगा ज्या आठवड्यात जो जिंकेल त्याचा. मी आधी कुणाचीच नव्हते. मला ग्लिम्टच्या नादी लावलं वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी.

आजोबा नूरलान्डचे, म्हणजे बोडोच्याच मुलखातले. नोकरीसाठी तरुणपणी दक्षिणेत आले आणि इथेच राहिले. कोरोनात त्यांचं सामान मी आणून द्यायचे. पिशवी दारात ठेवून दोन मीटर लांब उभं राहायचं, आणि ते दारातूनच फुटबॉलवर सुरू व्हायचे. उत्तर नॉर्वेच्या क्लबांना १९७२ पर्यंत देशाच्या सर्वोच्च श्रेणीत खेळूच देत नव्हते, हे मला पहिल्यांदा त्यांच्याकडून कळलं. देशाच्या कप स्पर्धेतसुद्धा १९६३ पर्यंत बंदी. कारण काय, तर लांब पडतं आणि दर्जा नाही. बंदी उठल्यावरही वर चढायच्या अटी उत्तरेकडच्यांना जास्त कडक होत्या. १९७५ साली ग्लिम्टने कप जिंकला, तेव्हा ते दुसऱ्या श्रेणीत होते! वर आले १९७७ ला, आणि पहिल्याच वर्षी दुसरे. हे सांगताना आजोबांचा आवाज इतका चढायचा की समोरची बाई दार उघडून बघायची.

तर २२ नोव्हेंबर २०२०, रविवार. ग्लिम्टला विजेतेपद पक्कं करायला जिंकायचं होतं आणि सामना होता आमच्याच मारिएनलिस्टवर. पाच फेऱ्या बाकी असताना! आजोबांच्या आयुष्यभराचा सामना त्यांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, आणि आत जायला मिळणार नाही. मैदानात प्रेक्षक जवळजवळ नाहीतच. दुसरं कुणी असतं तर कपाळाला हात लावून बसलं असतं. आजोबांनी खुर्ची बाल्कनीत टाकली, अंगावर दोन स्वेटर आणि वर जाकीट, कानटोपी, थर्मासमध्ये कॉफी, आणि मांडीवर आडवा तो पिवळा टूथब्रश. ग्लिम्टचे समर्थक सत्तरच्या दशकापासून भलेमोठे पिवळे टूथब्रश घेऊन मैदानात जातात, त्यातला. माझ्या मुलाच्या उंचीचा. इतकी वर्षं तो कपाटामागे ठेवलेला होता, दांड्याचा रंग उडालेला.

मी खालच्या बाल्कनीत, आत टीव्हीवर सामना लावलेला, दार उघडं. आता गंमत बघा. नेटवरून दिसणारं चित्र अर्धा मिनिट मागे असतं. मैदान रिकामं, त्यामुळे खेळाडूंचं ओरडणं, शिट्टी, बेंचवरची आरडाओरड सगळं थेट ऐकू येत होतं. म्हणजे आधी मैदानातून ओरडा यायचा, मग वरून आजोबा खुर्चीचा पाय आपटायचे, आणि नंतर आमच्या टीव्हीवर गोल दिसायचा. नवरा वैतागून म्हणाला, ‘अगं दार लाव, सगळं आधीच कळतंय.’ मी काही लावलं नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा टीव्हीवर अजून चेंडू चालूच होता आणि वरून तो टूथब्रश कठड्यावर आपटत होता, टक टक टक. बिल्डिंगच्या सोसायटीकडे दुसऱ्या दिवशी तक्रार गेली. कुणी केली मला माहीत आहे, पण जाऊ दे.

त्याच रात्री मी ग्रुपवर फोटो टाकला. भाऊजींचा पुण्याहून लगेच मेसेज: ‘वहिनी, अभिनंदन, पण हा कोरोना कप. रिकाम्या मैदानात कुणीही जिंकतं. मटका लागला.’

भाऊजी मँचेस्टरवाले. इंग्लंडच्या बाहेर गवत उगवतं यावर त्यांचा विश्वास नाही. पण मुद्दा काढलाच आहे तर घ्या. मैदानं रिकामी होती ती सोळाही संघांना. उलट ग्लिम्टचंच नुकसान जास्त, कारण त्यांच्या आस्पमीरा मैदानात आठेक हजार माणूस बसतं आणि पन्नास हजारांच्या गावात ते स्टेडियम भरलं की पाहुण्या संघाला घाम फुटतो. सिझन एप्रिलऐवजी १६ जूनला सुरू झाला आणि २२ डिसेंबरला संपला. आठ-नऊ महिन्यांचं काम सहा महिन्यांत. दर तीन-चार दिवसांनी सामना असताना ज्याच्याकडे जाड पाकीट आणि लांब बेंच, त्याला फायदा व्हायला हवा. मोल्डेच्या मागे रोक्के आणि येल्स्टेन हे धनाढ्य, रोसेनबोर्ग तर १९९२ ते २००४ सलग तेरा वेळा विजेते. त्यांना का नाही लागला मटका?

मग त्यांचा दुसरा मुद्दा, प्लास्टिकचं गवत. अहो, ते या देशात बहुतेक ठिकाणी आहे! मारिएनलिस्टवरही तेच. माझ्या मुलाच्या क्लबच्या मैदानावरही तेच, आणि त्यातले काळे रबराचे दाणे त्याच्या मोज्यांतून निघून आमच्या वॉशिंग मशीनच्या फिल्टरमध्ये इतके साठायचे की दर महिन्याला मुठीने काढावे लागायचे. सगळे ज्या गवतावर खेळतात त्याचा फायदा एकालाच कसा मिळेल? आणि मिलानच्या सान सिरोवर तर खरं गवत आहे. २४ सप्टेंबरला युरोपा लीगच्या पात्रता फेरीत तिथे ग्लिम्टने पहिला गोल केला, ३-२ ने हरले, आणि मिलानला ग्लिम्टचा येन्स पेटर हाउगे एवढा आवडला की आठवड्याभरात त्यांनी त्याला विकतच घेतला. लीगमध्ये तेव्हा त्याच्या नावावर १४ गोल होते.

भाऊजींशी खरी पैज लागली ती इथे. ‘आता बघा कसे कोसळतात,’ म्हणाले. कुठे कोसळले? कॅस्पर युंकरने सिझन २७ गोलांवर संपवला, फिलिप झिंकरनागेलने १९ गोल केले आणि वर १८ गोलांना पास दिले. हे दोघे डेन्मार्कचे, तोपर्यंत मोठ्या क्लबांनी ढुंकूनही न बघितलेले. नंतर युंकर जपानला उरावाकडे गेला, झिंकरनागेल इंग्लंडला वॉटफर्डकडे. तरी २०२१ ला पुन्हा विजेतेपद, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मोरिन्यो प्रशिक्षक असलेल्या इटलीच्या रोमाला ६-१ ने हरवलं. पैज होती एक किलो आंबा बर्फी. ती अजून यायची आहे.

माझ्या मते कारण एकच. या लोकांनी माणसं बदलली तरी खेळ बदलला नाही. प्रशिक्षक क्येतिल क्नुटसेन २०१७ ला सहायक म्हणून आला, २०१८ पासून मुख्य. त्याआधी बर्गनकडच्या छोट्या क्लबांत होता, म्हणजे मोठं नाव अजिबात नाही. चार-तीन-तीनची मांडणी, चेंडू गेला की तिथल्या तिथे तुटून पडायचं, तीन गोलांनी पुढे असलं तरी. त्या सिझनला मी बघितलेल्या सामन्यांत ऐंशीव्या मिनिटालाही ही पोरं समोरच्या गोलकीपरच्या अंगावर धावत जायची. सोबत ब्यॉर्न मान्सवेर्क म्हणून हवाई दलाचे माजी लढाऊ वैमानिक, मनाची तयारी करून घेणारे. ते आले २०१७ मध्ये, आदल्या वर्षी क्लब खालच्या श्रेणीत ढकलला गेल्यावर. निकालाबद्दल बोलायचंच नाही, कामाबद्दल बोलायचं, ही त्यांची शिस्त. या संघाची एक सवय नक्की बघा: गोल खाल्ला की सगळे मैदानातच रिंगण करून उभे राहतात, काय चुकलं ते दोन वाक्यांत बोलतात आणि पांगतात. कुणी कुणावर हात झटकत नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर हे कधी जमलं असतं तर बरं झालं असतं.

आणि ग्लिम्टच्या पात्रिक बर्गबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्याचे आजोबा हाराल्ड, वडील ओर्यान, काका रुनार, सगळे ग्लिम्टकडून खेळलेले. ग्लिम्टकडून लीग जिंकायची या घराण्याची राहिली होती, ती नातवाने जिंकली. उत्तर नॉर्वेतल्या कुठल्याच क्लबने २०२० च्या आधी लीग जिंकली नव्हती. १९७२ पर्यंत दारच बंद, त्यानंतर ४८ वर्षांनी हे. याला कोरोना कप म्हणायचं?

आता खरं बोलायचं तर त्या वर्षी बाकीच्यांचंही जरा बिघडलेलं होतं, हे मान्य. रोसेनबोर्गने सिझन नुकताच सुरू झालेला असताना प्रशिक्षक बदलला आणि चौथे आले. मोल्डे शरदात युरोपा लीगच्या गटात आर्सेनलशी वगैरे खेळत होते, त्यात दमले. तिसरे आले वोलेरेंगा, ५५ गुणांवर, म्हणजे ग्लिम्टच्या २६ मागे. तेव्हा फरक १९ ऐवजी आठ-दहा असता, असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. विजेता दुसरा असता म्हणाल तर भांडेन.

तुमचा दुसरा प्रश्न. सिझन मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतो, हिवाळ्याच्या तोंडाशी संपतो. सोळा संघ, तीस फेऱ्या, शेवटचे दोन खाली, चौदाव्याला टिकून राहण्यासाठी प्ले-ऑफ. बरेच सामने रविवारी इथल्या पाच वाजता, म्हणजे उन्हाळ्यात तुमच्याकडे रात्री साडेआठ. जेवता जेवता बघता येतात, इंग्लंडसारखं जागरण नाही. सुरुवात १६ मेच्या फेरीपासून करा. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय दिन, त्यामुळे स्टेडियमं भरलेली असतात. भारतात कुठे दिसतं ते दर वर्षी बदलतं, तेवढं शोधून घ्या. जुने २०२० चे सामने बघायचे असतील तर आवाज बंद करू नका, रिकाम्या मैदानात क्नुटसेन काय ओरडतोय ते ऐकण्यासारखं आहे.

संघ कोणता धरावा हे मी सांगणार नाही. २०२५ ला स्टावांगरच्या वीकिंगने ग्लिम्टला एका गुणाने मागे टाकून विजेतेपद घेतलं, १९९१ नंतर पहिल्यांदा. त्यांचे लोक तीन दशकांहून जास्त वाट बघत होते, त्यांच्याही आनंदात मजा आहे. भाऊजींचा तेव्हा लगेच मेसेज आला, ‘वहिनी, संपलं का तुमचं ग्लिम्ट?’ ७० गुण, त्याच वर्षी युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत, वाटेत इटलीच्या लाझिओला पेनल्टीवर बाहेर काढलेलं, आणि यांच्या मते संपलं. मी एवढंच विचारलं की या लीगचा एक तरी सामना पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघितलाय का. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. बर्फीचंही तसंच.